कासवाचं हृदय आणि जीवाचं ठिकाण

जीव शरीरात नेमका कुठे असतो, हा प्रश्न आपण तत्त्वज्ञानाचा समजतो. पण त्याच्या इतिहासात कासवाला मोठं स्थान आहे.

सुरुवात ॲरिस्टॉटलपासून, म्हणजे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात. कासवाचं मूत्रपिंड बैलाच्या मूत्रपिंडासारखं, लहान लहान पिंड जोडल्यासारखं असतं, इतक्या बारकाईने त्याने लिहून ठेवलंय. त्याच्या मते जीवाचं ठाणं हृदयात. आणि तोच सांगतो, की हृदय काढलं तरी कासव पाय हलवतं! आता आली का पंचाईत? पण त्याने ती गोष्ट लपवली नाही. अवयवांत जीवाची थोडी शक्ती शिल्लक राहते, अशी त्याने संगती लावली.

17व्या शतकात इटलीच्या फ्रान्चेस्को रेदीने कासवाचा मेंदूच काढला. कासव सहाएक महिने जगलं, चाललंही. प्रयोग क्रूर होता, हे म्हटलंच पाहिजे. पण ‘मग मेंदूतही जीव नाही?’ हा प्रश्न त्यातून उभा राहिला.

1883 साली केंब्रिजच्या वॉल्टर गॅस्केलने कासवाच्या हृदयावरचा निबंध प्रसिद्ध केला. दोन अलिंद, एक अर्धवट विभागलेलं निलय आणि संथ ठोका. त्यामुळे लाट कुठून निघून कुठे जाते, ते दिसतं. हृदयाच्या स्नायूची वेगळी कापलेली पट्टीसुद्धा तालात आकुंचन पावते, हे त्याने दाखवलं. ठोक्याला मज्जातंतूंचा हुकूम लागत नाही. ॲरिस्टॉटलने जे पाहिलं, त्याच्या मुळाशी अशीच गोष्ट होती: अवयव काही काळ आपापल्या बळावर चालतात.

रक्तातही बघा. कासवाची तांबडी पेशी लंबगोल, मधे केंद्रक असलेली. आपली तांबडी पेशी केंद्रक टाकून देते आणि तरी सुमारे 120 दिवस राबते.

हे सगळं जुनं वाटेल. पण अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना डॉक्टर सांगतात, ‘मेंदू मृत झालाय’. आणि पडद्यावर ठोके तर दिसत असतात. आपल्या 1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूस्तंभाचा मृत्यू हा मृत्यू मानला. कायदा झाला, तरी त्या माणसांच्या मनाला ते पटायला वेळ लागतो. त्यांना अडाणी म्हणू नका. ठोका चालू असताना माणूस गेला असं कसं म्हणायचं, या प्रश्नापाशी मोठमोठे विचारवंतही अडखळलेत.