बगॅसची वीज: जोडधंदा की जिल्ह्याची राखीव शक्ती?

साखर कारखान्यातली सहवीजनिर्मिती हा कारखानदाराचा जोडधंदा आहे, संकटकाळच्या वीजपुरवठ्याशी तिचा काही संबंध नाही, हे मत आता जवळपास सर्वमान्य झाले आहे. ते मांडणारी माणसे अभ्यासू आहेत, म्हणून त्यांचे म्हणणे आधी पूर्ण ताकदीनिशी मांडतो. कारखाना हंगामात चालतो आणि संकट हंगाम बघून येत नाही. दुष्काळात ऊसच नसतो. सौर वीज सुमारे तीन रुपयांत मिळत असताना बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, विजेला राज्य सरकारने २०२४ मध्ये युनिटमागे दीड रुपया अनुदान देऊ केले. रुग्णालयांना आणि पाणीयोजनांना डिझेल जनरेटर आहेतच. मग परभणी जिल्ह्यातल्या या धुराड्यांकडून संरक्षणाची अपेक्षा कशासाठी?

डिझेलचा मुद्दा सर्वांत सोपा. पहिल्या काही तासांसाठी जनरेटरला पर्याय नाही, हे मान्य. पण त्याचा दम टाकीएवढाच. पुराने रस्ता तुटला की टँकर येत नाही, आणि वर्षभर झाकून ठेवलेले यंत्र नेमके हवे तेव्हा बॅटरी उतरल्यामुळे रुसते. रोज चालणाऱ्या यंत्राचा दोष रोज दिसतो. सैन्याला हे कळले आहे. महत्त्वाची कामे बाहेरच्या विजेवाचून १४ दिवस चालली पाहिजेत, असा दंडक अमेरिकी लष्कराने २०१७ मध्ये घातला. मरीन दलाच्या पॅरिस आयलंड या प्रशिक्षण तळावर सौर पॅनेल आणि बॅटरीच्या जोडीला ३.५ मेगावॅटचा सहवीज संच बसवला गेला. तेथे सौर विजेचे वैर कोणी मानले नाही. उलट, जाळ्याला जोडलेले छपरावरचे साधे सौर संच जाळे बंद पडताच सुरक्षिततेसाठी स्वतःही बंद होतात. भर दुपारी, लख्ख उन्हात. स्वस्त युनिट आणि हुकमी युनिट यांची एकाच तराजूत तुलना कशी करायची?

आता दुष्काळ. विरोधकांचा हा सर्वांत भक्कम बुरूज, म्हणून येथे थोडे थांबू. परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी फेब्रुवारी २०१३ मध्ये बंद पडले आणि जुलै २०१५ मध्ये पुन्हा बंद पडले. त्याला पाणी देणारा एक स्रोत परभणी जिल्ह्यातलाच, पाथरी तालुक्यातला गोदावरीवरचा मुदगल बंधारा. म्हणजे ज्याला आपण भरवशाची वीज म्हणत होतो, ती नदीबरोबर आटली. याउलट उसाच्या वजनाचा सुमारे ७० टक्के भाग पाणीच असतो. टर्बाइनमधून बाहेर पडणारी कमी दाबाची वाफ रस आटवायला वापरली जाते, रसातल्या पाण्याची वाफ होते आणि ती थंड होऊन पुन्हा कारखान्याच्याच कामी येते. गाळपाच्या काळात पाण्याची बरीचशी गरज अशी मोळीतूनच भागते. निव्वळ वीज करणाऱ्या केंद्रात कोळशातली सुमारे ६० टक्के उष्णता वाया जाते, तीच येथे साखर शिजवते. तो ऊस शेतात किती पाणी पितो, हा प्रश्न गंभीर आहे आणि मराठवाड्यात उसाचे क्षेत्र वाढवावे असे मी मुळीच म्हणत नाही. पण उभ्या असलेल्या बॉयलरचा उपयोग करू नये, हे त्यातून कसे निघते?

हंगामाचे काय? गणितच करू. एका छोट्या शहराचे रुग्णालय, पाणीउपसा, दूरध्वनी मनोरे आणि पोलीस ठाणी यांसाठी ५ मेगावॅट धरा. चौदा दिवसांचे होतात १६ लाख ८० हजार युनिट. संच कमी भारावर चालणार, कारखान्याचे पंप-पंखेही खाणार, म्हणून टनभर बगॅसमागे ३०० युनिटच हाती येतात असे हात आखडून धरा. लागले ५,६०० टन. रोज ५,००० टन ऊस गाळणारा कारखाना २८ टक्क्यांच्या हिशेबाने दिवसाला १,४०० टन बगॅस काढतो. म्हणजे चार दिवसांचे बगॅस आवारात राखून ठेवले की पंधरवड्याची सोय झाली. ढीग पावसात कुजतो, उन्हात पेट घेऊ शकतो, हे खरे. त्यासाठी शेड, गाठी आणि पाण्याची व्यवस्था लागते. धान्याची कोठारे आपण असेच जपतो ना?

शेवटचा आक्षेप तांत्रिक आहे. मुंबईची १९८१ पासूनची बेटव्यवस्था, म्हणजे जाळ्यापासून तुटून शहराची वीज चालू ठेवणारी यंत्रणा, १२ ऑक्टोबर २०२० रोजी कोसळली. मग परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडला ते जमेल का? मुंबईत त्या दिवशी शहरातली निर्मिती भारापुढे तोकडी पडली. जाळे सुटल्यावर बेट तगायला निर्मिती आणि भार यांचा मेळ लागतो, आणि गंगाखेडसारख्या ठिकाणी निर्मिती भरपूर, भार थोडा. गंगाखेड शुगर अँड एनर्जीसारख्या कारखान्यात गाळप आणि वीज एकाच आवारात. बाहेरची लाइन ट्रिप झाली की ब्रेकर सुटतो, टर्बाइनचा गव्हर्नर वाफ आवळतो, जादा वाफ सेफ्टी व्हॉल्व्हमधून कान फाडत बाहेर पडते आणि संच कारखान्यापुरत्या भारावर स्थिरावतो. सहवीज कारखान्यांतल्या ऑपरेटरना हे शिकवावे लागत नाही. ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळात प्रिन्स्टन विद्यापीठाने स्वतःच्या सहवीज संचावर आपला परिसर असाच चालवला. संच बंद असताना तो सुरू करायला लागणारी पहिली वीज कारखान्याच्या जनरेटरमधून येईल. त्या पहिल्या विजेसाठी याच जिल्ह्यात येलदरीचे २२.५ मेगावॅटचे जलविद्युत केंद्रही आहे.

कमी आहे ती वेगळ्या फीडरची, अत्यावश्यक भार अलग काढणाऱ्या ब्रेकरांची, वर्षातून एकदा खऱ्याखुऱ्या रंगीत तालमीची. सुरुवात परभणी शहरापासून नको. आधी गंगाखेडचे रुग्णालय आणि पाणीयोजना. वीजखरेदीचे करार मात्र युनिटच्या दरावर ठरतात. राखून ठेवलेल्या बगॅसचे आणि बेटावर चालण्याच्या तयारीचे मोल त्या करारातले कोणते कलम देते, ते ‘जोडधंदा’ म्हणणाऱ्यांनी वाचकांना दाखवावे.