गेल गांवचें आतिथ्य

वेडाच्या इतिहासांत दोन वास्तू वारंवार भेटतात : देऊळ आणि कोठडी. रोगी बरा व्हावा म्हणून त्यास देवाच्या दारीं न्यावयाचें, आणि बरा न झाल्यास भिंतींआड कोंडावयाचें, हा अनेक समाजांचा रिवाज. बेल्जममधील अँटवर्प प्रांतांतल्या गेल या गांवानें मात्र तिसरी वास्तू पुढें केली. ती म्हणजे साध्या शेतकऱ्याचें घर.

या गांवची अधिष्ठात्री संत डिम्फ्ना. कथा अशी कीं, आयर्लंडच्या एका राजाची राणी वारली. शोकानें बुद्धि भ्रष्ट होऊन तो स्वतःच्या कन्येसच वरावयास निघाला. कन्या आपल्या धर्मगुरूसह पळून गेलला आली. बापानें तेथें गांठून तिचा शिरच्छेद केला. कथेचा काळ सातवें शतक समजतात, पण ती लिहिली गेली तेराव्या शतकांत. तेव्हां तिचें ऐतिहासिक मोल वाचकांनीं ओळखावेंच. तथापि तीवर श्रद्धा ठेवून येणारे यात्रेकरू खरे होते. त्यांच्यासाठीं १३४९ मध्यें मोठ्या चर्चच्या बांधकामास प्रारंभ झाला, आणि १४८० मध्यें चर्चला लागून रोग्यांच्या निवासाची जागा बांधण्यांत आली. तेथें नऊ दिवसांचें अनुष्ठान चाले.

नऊ दिवस संपत, वेड मात्र पुष्कळदां संपत नसे. जागा अपुरी पडे. मग चर्चचे अधिकारी रोग्यांस गांवकऱ्यांच्या घरीं ठेवूं लागले. आमच्या मतें गेलचा खरा इतिहास या दहाव्या दिवसापासून सुरू होतो. चमत्कार न घडलेल्या माणसाचें काय करावयाचें, हा त्याचा विषय आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच अमलांत चर्चला कुलूप पडलें, तरी घरांचीं दारें मिटलीं नाहींत. उलट १८०३ मध्यें पाँतेकुलाँ नांवाच्या अधिकाऱ्यानें ब्रुसेल्सचे वेडे गेललाच धाडले.

हें सर्व निव्वळ भूतदयेचें फळ होतें काय? तसें नव्हतें. रोग्यास ठेवून घेणाऱ्यास मोबदला मिळे, आणि रोगी शेतांत व घरांत हातभार लावी. पैसे घेऊन केलेली माया कसली, असा आक्षेप कोणी घेईल. पण तेथील रेताड जमिनीवर राबणाऱ्या कुटुंबास फुकट दया वर्षानुवर्षें कशी परवडावी? मोबदल्यानें दयेस टिकाऊपणा आला. अर्थात् मोबदला पुरेसा नसतो, हेंहि तितकेंच खरें. १८२१ मध्यें फ्रेंच वैद्य एस्कीरोल तेथें गेला, तेव्हां कित्येकांच्या पायांत त्यास बेड्या आढळल्या. पुढें १८५० चा कायदा झाला, १८५२ मध्यें व्यवस्था सरकारनें हातीं घेतली, १८६२ मध्यें इस्पितळ उघडलें. घर आणि इस्पितळ यांचीं कामें तेव्हांपासून वांटलीं गेलीं. औषधोपचार वैद्यांनीं पाहावा. घरानें मात्र घरच व्हावें, म्हणजे ताटावर जागा द्यावी, झोपण्यास खोली द्यावी, झेपेल तें काम द्यावें. रोग बरा करण्याची जबाबदारी घरावर नसल्यामुळें, बरा होत नाहीं म्हणून रोग्यावर चिडण्याचेंहि कारण उरलें नाहीं. कित्येक ठिकाणीं आईबापांमागें मुलांनीं तोच पाहुणा पुढें सांभाळला.

१९३८ च्या सुमारास असे पाहुणे साडेतीन हजारांहून अधिक होते. आज त्यांचा दहावा हिस्साहि उरलेला नाहीं. नवीं औषधें आलीं, शेती घटली, कुटुंबें लहान झालीं, स्त्रिया नोकरीस जाऊं लागल्या. यांतलें शेवटचें कारण विचार करावयास लावणारें आहे. शतकानुशतकें ज्यास आपण गांवाचें औदार्य म्हणतों, त्याचा मोठा वांटा चुलीपाशीं उभ्या असलेल्या बायकांनीं उचलला होता. ती घराबाहेर पडतांच हें उघड झालें. २०२३ मध्यें युनेस्कोनें या परंपरेचा गौरव केला, पण गौरवानें रिकामी खोली भरत नाहीं.

आमच्या घरांतूनहि असा एखादा काका वा आत्या असते, आणि तिचा भार बहुधा एकाच सुनेच्या माथीं येतो. आपलें माणूस म्हणून पैशाची गोष्ट काढावयाची नाहीं, आणि चारचौघांत वाच्यता नको म्हणून वैद्यासहि बोलवावयाचें नाहीं, अशा कोंडींत ती सून दिवस काढते. गेलच्या शेतकरणीस मोबदला होता, पाठीशीं इस्पितळ होतें, आणि शेजारच्या घरींहि तसाच एक पाहुणा होता. एवढा आधार परक्यास सांभाळणारीला मिळाला. आपल्यांस सांभाळणारीला तो कां मिळूं नये?