पाच दिवस डोंगरात, पाठीवर सगळं घर : अमेरिकेतले शिकारी खातात काय आणि पितात काय?

समजा, पाच दिवस डोंगरात राहायचंय. वाटेत गाव नाही, टपरी नाही, मोबाईलला रेंज नाही. गाडी तर कायद्यानेच आत नेता येत नाही. जे खायचं, ज्यात झोपायचं, ते सगळं पाठीवर. आणि नशीब फळफळलं, तर परतताना त्याच पाठीवर आणखी ८०-९० किलो मांस.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोलोरॅडो, आयडाहो, मोंटाना, वायोमिंग या राज्यांत सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात हजारो लोक असे डोंगरात शिरतात. कशासाठी? एल्क नावाच्या हरणासाठी. आपल्या सांबरापेक्षाही मोठं हे जनावर. मोठा नर ३०० किलोच्या पुढे जातो. एकट्या कोलोरॅडोत अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत. परवाना काढून, ठरलेल्या हंगामात त्यांची शिकार करता येते.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. शिकार बरोबर की चूक हा वाद तिकडेही आहे, पण आज विषय पोटाचा आहे. कारण या लोकांनी खाण्यापिण्याचं जे गणित बसवलंय, ते पाठीवर सॅक टाकून दोन-तीन दिवस फिरणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल असं आहे.

शिकारीला चाललेत ना, मग मारून खातील की!

पहिला विचार हाच येतो. मलाही आला होता. पण कोलोरॅडोत एल्कच्या शिकारीला जाणाऱ्या साधारण पाच जणांपैकी एकालाच शिकार मिळते. बाकीचे चार जण हात हलवत घरी येतात. म्हणजे शिकारीच्या भरवशावर जेवण ठेवलं, तर उपास नक्की.

दुसरी अडचण कमी लोकांना माहीत असते. जंगली जनावराच्या मांसात चरबी फार कमी असते. नुसत्या कोरड्या मांसावर दिवस काढले की शरीराला प्रथिनं झेपत नाहीत. मळमळ, जुलाब, थकवा सुरू होतो आणि पोट भरलेलं असूनही भूक जात नाही. उत्तरेकडच्या बर्फाळ भागात सशांवर जगणाऱ्यांची अशी अवस्था व्हायची, म्हणून इंग्रजीत याला ‘रॅबिट स्टार्व्हेशन’ हे नाव पडलं. ससे खाऊन आलेली उपासमार!

उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांना हे शेकडो वर्षांपूर्वी कळलं होतं. त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे पेमिकन. गव्याच्या जातीतल्या बायसनचं मांस वाळवायचं, कुटून भुगा करायचा आणि त्यात वितळवलेली चरबी ओतायची. कधी सुकवलेली रानफळंही घालायची. हा गोळा महिनोन्‌महिने टिकायचा. ‘पेमिकन’ हा शब्दच क्री भाषेतल्या चरबीच्या शब्दावरून आलाय. पुढे फरचा व्यापार करणाऱ्या कंपन्यांची माणसंही यावरच जगली. त्यावरून इतकी ओढाताण झाली, की १८१४ साली कॅनडातल्या रेड नदीकाठच्या वसाहतीत पेमिकन बाहेर नेण्यावर बंदी घालण्यात आली आणि भांडणं पेटली.

चव नंतर, आधी वजन

दिवसभर चढ-उतार करणारा माणूस ४०००-५००० कॅलरी सहज खर्च करतो. तेवढं अन्न पाच दिवसांसाठी उचलणं अवघड. म्हणून बहुतेक जण रोजच्या ३०००-३५०० कॅलरी धरतात आणि उरलेली तूट अंगावरच्या चरबीतून भागवतात. चार-पाच दिवसांसाठी हे चालतं.

आता त्या ३५०० कॅलरी बसवायच्या रोजच्या ८०० ग्रॅमच्या आसपास. इथे साधं शाळेतलं विज्ञान कामाला येतं. एक ग्रॅम चरबीतून ९ कॅलरी मिळतात, कर्बोदकं आणि प्रथिनांतून ४ आणि पाण्यातून शून्य. म्हणजे १०० ग्रॅम सफरचंदातून पन्नासेक कॅलरी, तेवढ्याच शेंगदाण्यांतून साधारण ५७० आणि तुपातून ९००च्या जवळपास. फळ उचलणं म्हणजे बरंचसं पाणीच उचलणं. (माझ्या पहिल्या तीन दिवसांच्या रेंज ट्रेकला मी सॅकमध्ये डझनभर संत्री आणि स्टीलचा डबा घातला होता. पहिल्याच चढावर संत्री अख्ख्या ग्रुपला वाटून टाकली.)

म्हणून यांच्या सॅकमध्ये सुका मेवा, पीनट बटर, चीज, सुकवलेलं मांस, चॉकलेट, ओट्स आणि मैद्याच्या पातळ पोळ्या दिसतात. रात्री बहुतेकांचं जेवण पाकिटातलं. शिजवलेलं अन्न गोठवून, निर्वात यंत्रात त्यातलं पाणी उडवून टाकतात. पाकिटात उकळतं पाणी ओतायचं, दहा मिनिटं थांबायचं, जेवण तयार. एरवी हे पाकीट कुणी आवडीने खाणार नाही. पण हात थंडीने बधिर झालेले असताना भांडी घासायची नाहीत, हेच मोठं सुख असतं.

सगळं खाणं पाच वेगळ्या पिशव्यांत भरतात, दिवसाला एक पिशवी. कारण सरळ आहे : एकत्र ठेवलं तर चांगलंचुंगलं पहिल्या दोन दिवसांत संपतं.

पाण्याला पर्याय नाही

अन्नाचं वजन कमी करता येतं, पाण्याचं नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. दिवसाला पिण्यासाठीच तीन-चार लिटर लागतं, स्वयंपाकाचं वेगळं. पाच दिवसांचं पाणी घेऊन कुणीच चालू शकत नाही. म्हणजे वाटेतल्या ओढ्यावर, झऱ्यावर अवलंबून राहायचं. त्यामुळे नकाशा बघताना शिकारी आधी पाणी शोधतो, मग जनावर.

डोंगरातलं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि तिथेच घात होतो. त्यात जिआर्डिया नावाचा परजीवी असू शकतो. जनावरांच्या आणि माणसांच्या विष्ठेतून तो पाण्यात येतो. पाणी प्यायल्यावर लगेच काही होत नाही. एक-दोन आठवड्यांनी, म्हणजे घरी पोचल्यावर, जुलाब आणि पोटदुखी सुरू होते. तोवर त्या ओढ्याची आठवणही राहिलेली नसते.

पाणी शुद्ध करायचा सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे उकळणं. पाण्याला खळखळून उकळी आली की एक मिनिट थांबायचं. साडेसहा हजार फुटांच्या वर मात्र तीन मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. तीन हजार मीटरवर ते ९० अंशांनाच उकळतं. पण सगळंच पाणी उकळायचं तर गॅस किती उचलणार? म्हणून बरेच जण बारीक पोकळ तंतूंचा फिल्टर नेतात. जिआर्डिया आणि जिवाणू त्यात अडकतात, विषाणू मात्र निसटतात.

या फिल्टरची एक खोड आहे. एकदा वापरून ओला झालेला फिल्टर रात्री गोठला, की आतले तंतू फुटतात. बाहेरून तो अगदी ठणठणीत दिसतो, पाणीही सोडतो, पण गाळत काहीच नाही. म्हणून जाणकार लोक रात्री फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये कुशीत घेऊन झोपतात. जोडीला क्लोरिन डायऑक्साइडच्या गोळ्या असतात. त्यांना क्रिप्टोस्पोरिडियमसारखा चिवट परजीवी मारायला चार तास लागतात, म्हणजे गोळी टाकून लगेच बाटली तोंडाला लावायची नाही.

थंडीत आणखी एक गंमत होते. तहान कमी लागते आणि लघवी जास्त होते. उंचीवरच्या कोरड्या हवेत श्वासावाटेही पाणी जातं. घाम दिसत नाही, त्यामुळे माणसाला वाटतं आपण बरे आहोत. दुपारी डोकं दुखायला लागलं की कळतं. पण घाबरून लिटरच्या लिटर साधं पाणी ढोसणंही धोक्याचं, कारण रक्तातलं सोडियम घसरतं. मळमळ आणि गोंधळल्यासारखं होण्यापासून थेट झटके येण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. म्हणून तहानेप्रमाणे प्यायचं आणि सोबत खारट काहीतरी खायचं. आपली ओआरएसची पुडी इथेही चालते.

खरी कसोटी शिकारीनंतर

एल्क पडला, फोटो निघाला, सोशल मीडियावरची गोष्ट इथेच संपते. खरं काम आता सुरू होतं. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांस ८०-१०० किलो भरतं. ते टाकून येता येत नाही, कारण खाण्याजोगं मांस वाया घालवणं हा तिथे गुन्हा आहे. अलास्कात तर मूस किंवा कॅरिबूची शिंगं मांसाच्या आधी शिकारीच्या जागेवरून हलवायचीही मनाई आहे.

हिशेब करा. ९० किलो मांसाच्या तीस-तीस किलोच्या तीन फेऱ्या आणि तंबू-सामानाची चौथी. गाडी पाच किलोमीटरवर असेल, तर चार वेळा जाणं आणि तीन वेळा परत येणं, म्हणजे ३५ किलोमीटर. त्यातले २० ओझ्यासकट. तेही चार दिवसांच्या थकव्यानंतर आणि जेव्हा खाऊच्या पिशव्या जवळपास रिकाम्या झालेल्या असतात तेव्हा. घाई पण करावी लागते, कारण सप्टेंबरच्या दुपारी ऊन असतं आणि मांस लवकर थंड झालं नाही तर नासतं. माणूस गडबडतो तो इथे. पाय मुरगळणं, घामाने भिजून संध्याकाळच्या गारठ्यात अंग थंड पडणं, हे सगळं याच टप्प्यावर घडतं. म्हणून एक दिवसाचं जास्तीचं खाणं बांधतात आणि शिकार मिळेपर्यंत त्याला हात लावत नाहीत.

शिवाय अस्वलं. ग्रिझली असलेल्या भागात अन्न झाडाला १० फूट उंच आणि खोडापासून ४ फूट लांब टांगायचं किंवा अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवायचं, असे वनखात्याचे आदेश आहेत. टूथपेस्टसुद्धा त्यातच. शिकारीचं मांस तंबूपासून निदान १०० यार्ड दूर. एका फेरीहून परतल्यावर उरलेल्या मांसापाशी जाताना लोक लांबूनच हाका मारत, मोठ्याने बोलत जातात, कारण तोवर तिथे दुसरा पाहुणा येऊन बसलेला असू शकतो.

आपल्या सह्याद्रीत रेंज ट्रेकला निदान संध्याकाळी एखाद्या वाडीत पिठलं-भाकरी मिळते. पाण्याचं मात्र तिथल्यासारखंच. मे महिन्यात गडावरचं टाकं आटलेलं निघालं, तर पुढचा पाणवठा कुठे, हे निघण्याआधीच गावात विचारलेलं बरं.

तिकडचे मुरलेले शिकारी निघताना गाडीत दोन बर्फाच्या पेट्या ठेवून जातात. एक मांसासाठी. दुसरीत प्यायचं पाणी, सरबत आणि भरपेट खाणं. शेवटची फेरी संपल्यावर घरापर्यंत गाडी चालवायची असते, बऱ्याचदा चार-पाच तास.