नेदरलँड्सला निघालात? आधी पाण्याचा इतिहास वाचा

हल्ली आपल्या नात्यातली, ओळखीतली बरीच मुले नोकरीनिमित्त नेदरलँड्सला जाऊ लागली आहेत. कोणी आइंडहोवनला, कोणी अ‍ॅम्स्टरडॅमला, कोणी हेगला. निघण्याआधी त्यांच्या याद्या तयार असतात. पोचल्यावर पाच दिवसांत नगरपालिकेत नाव नोंदवायचे, चार महिन्यांच्या आत आरोग्यविमा घ्यायचा, सायकल घ्यायची, कुकर आणि मसाले इथूनच न्यायचे! याद्या बरोबरच असतात. पण त्या देशाचा पाण्याशी काय व्यवहार आहे, हे त्यात कुठे नसते. आयुष्यभर इतिहास शिकवल्याची खोड म्हणा, पण मला तेच आधी सांगावेसे वाटते.

आपले विमान स्खिपोल विमानतळावर उतरते तेव्हा ते अक्षरशः एका तळ्याच्या तळावर उतरते. हार्लेमरमेर नावाचे ते विस्तीर्ण तळे वाफेच्या पंपांनी उपसून १८५२ साली कोरडे केले. ती जमीन आजही समुद्रसपाटीच्या तीन-चार मीटर खाली आहे. देशाचा सुमारे एक चतुर्थांश भाग असाच समुद्रसपाटीखाली. बांध घालून, पाणी उपसून काढलेल्या अशा जमिनीला ‘पोल्डर’ म्हणतात. अ‍ॅम्स्टरडॅमच्या उत्तरेचे बीमस्टर पोल्डर १६१२ सालचे, पवनचक्क्यांनी उपसलेले. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीचे!

आता गंमत पहा. बांध एका जागी फुटला तरी सगळ्यांचीच शेते बुडतात. त्यामुळे ‘माझ्यापुरते मी पाहीन’ म्हणायची सोयच नव्हती. ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखणे झेपत नसे, त्याने त्यात फावडे रोवायचे आणि जमीन सोडून जायचे, अशी तिथे जुनी रीत होती. जो ते फावडे उपसेल त्याची जमीन, आणि बांधाची जबाबदारीही त्याचीच.

यातूनच पाण्याचा कारभार पाहणारी मंडळे निघाली. त्यांना ‘वाटरस्खाप’ म्हणतात. लायडन परिसरातल्या राइनलंड मंडळाला १२५५ साली सनद मिळाली होती, आणि ते मंडळ आजही काम करते आहे. मध्ये किती राजवटी आल्या आणि गेल्या! १९५० च्या सुमारास अशी सुमारे अडीच हजार मंडळे होती, ती एकत्र करत करत आता २१ राहिली आहेत.

ही एकत्र करण्याची निकड कशी पटली, त्याचे उत्तर १९५३ मध्ये आहे. ३१ जानेवारीच्या रात्री वादळ आणि मोठी भरती एकदम आली. झीलंड प्रांतात आणि आसपास बांध फुटले आणि १,८३६ माणसे गेली. बांध कमी उंचीचे आहेत हे योहान फान फेन नावाचे अभियंते आधीपासून सांगत होते. पण महायुद्धातून सावरणाऱ्या देशाने पैसा दुसरीकडे लावला होता. शनिवारची रात्र, रेडिओ रात्री बंद. पुष्कळ लोकांना झोपेतच पाण्याने गाठले. त्याच फेब्रुवारीत सरकारने आयोग नेमला, आणि त्यातून उभी राहिलेली ‘डेल्टा’ योजनेची कामे १९९७ पर्यंत चालली.

नव्याने जाणाऱ्याला याचे काय, असे कोणी विचारेल. तर तीन गोष्टी.

पहिली, घरी वाटरस्खापचे कराचे बिल येते. ते नळाच्या पाण्याचे नसते. बांध, कालवे, पंप आणि सांडपाणी शुद्ध करणे यांचे असते. भाड्याने राहणाऱ्यालाही ते भरावे लागते. एकटा राहणारा सांडपाण्यासाठी एक हिस्सा भरतो, दोघे वा अधिक असतील तर तीन हिस्से! आई-वडिलांनी ‘हे काय नवीन?’ म्हणून घाबरू नये.

दुसरी, घर विकत घेताना पाया विचारावा. तिथली कितीतरी जुनी घरे लाकडी खांबांवर उभी आहेत. लाकूड पाण्याखाली बुडालेले असेल तोवर शेकडो वर्षे टिकते. भूजल खाली गेले, लाकडाला हवा लागली की कुजते. दलदलीच्या जमिनीचे पाणी उपसले की ती आणखी खचते, हाही शतकानुशतकांच्या उपशाचाच परिणाम. गाईगुरे पाळणाऱ्या शेतकऱ्याला पाणी खाली हवे, घरमालकाला वर हवे. कालव्यांतली पातळी मंडळ ठरवते.

आणि तिसरी सर्वांत महत्त्वाची. या मंडळाच्या निवडणुका दर चार वर्षांनी होतात, मागची मार्च २०२३ मध्ये झाली. संसदेसाठी मत द्यायला तिथले नागरिकत्व लागते. नगरपालिकेसाठी आपल्यासारख्यांना पाच वर्षे सलग वास्तव्य लागते. पण पाण्याच्या मंडळासाठी कायदेशीर वास्तव्य आणि वयाची १८ वर्षे पूर्ण एवढे पुरते. काल आलेल्या मराठी मुलालाही मत आहे! पूर आला तर त्याचेही घर बुडणारच, म्हणून त्याच्याकडून पैसाही घ्यायचा आणि त्याला विचारायचेही, असा हा सरळ हिशेब.

परदेशी गेलेली आपली मुले बरेचदा मनाने पाहुणीच राहतात. ‘आपला काय संबंध, दोन वर्षांत परत जायचे’ म्हणत मताचे पत्र डच भाषेत आहे म्हणून तसेच टोपलीत टाकतात. तसे करू नये. भाषा यायला वेळ लागेल, शेजारी जवळचे व्हायला त्याहूनही. पण ज्या बांधाआड आपण निर्धास्त झोपतो, त्याच्याविषयी आपले मत मागितले जाते आहे. ते पत्र उघडावे, शेजाऱ्याकडून समजून घ्यावे आणि मत देऊन यावे. त्या निमित्ताने शेजाऱ्याशी ओळखही होईल.