ठिपके की तारे?

गेल्या डिसेंबरात कडावला रात्री आठच्या सुमारास लाइट गेली. नववीतला माझा भाचा गच्चीवर बसून मोबाइलवर अंतराळातला गेम खेळत होता. यान उडवायचं, शत्रूची यानं पाडायची. "कसा आहे रे गेम?" मी विचारलं.

"बोअर आहे, मामू. मागचे तारे नुसते ठिपके आहेत, खरे नाहीतच." मग पुढे म्हणाला, "आणि खरे असते तरी आपल्याला काय? हे सगळं गोऱ्यांचंच."

पहिल्या वाक्याचं मला कौतुक वाटलं, दुसरं मात्र टोचलं. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, खगोलशास्त्र नाही. तरी त्याच्या दोन्ही मतांचं उत्तर इतिहासात आहे.

1962 साली अमेरिकेतल्या एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-1 या संगणकावर 'स्पेसवॉर' हा खेळ तयार केला. दोन यानं एकमेकांवर मारा करतात आणि मधला सूर्य दोघांनाही ओढत असतो. सुरुवातीला मागे कसेही विखुरलेले ठिपके होते. याच मंडळींतल्या पीटर सॅमसनला ते पटेना. त्याची तक्रार माझ्या भाच्यासारखीच होती. त्यानं नाविक पंचांगातून ताऱ्यांची स्थानं घेतली आणि खगोलीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचा साडेबावीस अंशांचा पट्टा पाचव्या प्रतीच्या ताऱ्यांपर्यंत पडद्यावर आणला. तेजस्वी तारे ठळक, अंधूक तारे फिके. कडाव 19 अंश उत्तरेला आहे. म्हणजे आपल्या डोक्यावरून जाणारे तारे त्या खेळात होते.

पुढे हा आग्रह मागे पडला. 1978 मध्ये जपानच्या तोमोहिरो निशिकादोनं 'स्पेस इनव्हेडर्स' केला. शत्रू कमी होत गेले की उरलेले वेगानं येत, कारण संगणकाला चित्रं कमी काढावी लागत. ही यंत्राची मर्यादा होती, पण खेळणाऱ्यांना तीच थरारक वाटली. नव्वदीत आम्ही टीव्हीला जोडायच्या गेमवर 'गॅलॅक्सियन' खेळायचो. मागे रंगीत ठिपके सरकायचे. ते कुठले तारे, असं आमच्यापैकी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. आमचं मत एकच, स्कोअर किती झाला!

2016 मध्ये 'नो मॅन्स स्काय' आला. त्यात 18 वर 18 शून्यं इतके ग्रह होते, सगळे गणितानं घडवलेले. तरी कित्येक खेळाडू चिडले. जे कबूल केलं ते दिलं नाही, आणि एवढ्या विश्वात करायचं काय, ही त्यांची तक्रार. बनवणाऱ्यांनी नंतर वर्षानुवर्षं फुकट सुधारणा केल्या. 2018 मध्ये खेळाडूंना एकमेकांसोबत खरंखुरं खेळता येऊ लागलं, तेव्हा कुठे मतं बदलू लागली. म्हणजे खेळणाऱ्याचं मत वाया जात नाही.

आता दुसरं मत, 'गोऱ्यांचंच'. सॅमसनच्या प्रोग्रॅममध्ये पहिल्या प्रतीच्या ताऱ्यांपुढे नावं लिहिलेली आहेत. अल्देबरान, रायजेल, बीटलज्यूझ, अल्तायर. उर्दू येणाऱ्यानं ती मोठ्यानं वाचून पाहावीत. अद-दबरान म्हणजे मागून येणारा, कारण तो कृत्तिकांच्या मागून उगवतो. ती आपली रोहिणी. रिज्ल म्हणजे पाय. अल्तायर म्हणजे उडणारा, आपला श्रवण. उर्दूत ताइर म्हणजे पक्षी आणि तय्यारा म्हणजे विमान. बीटलज्यूझची गंमत वेगळीच. मूळ शब्द 'यद अल-जौझा', जौझाचा हात. लॅटिनमध्ये नेताना कुणीतरी 'ये'खालचे दोन नुक्ते एकच समजून 'बे' वाचला. माझ्या वर्गात ही चूक रोज होते. तिथे मार्क कापले जातात, इथे ताऱ्याचं नाव झालं.

मग उलटं म्हणायचं का, की हे सगळं आपलंच? तसे मेसेज मलाही येतात. पण तेही खरं नाही. अब्दुर्रहमान अस-सूफी या इराणी विद्वानानं 964 च्या सुमारास स्थिर ताऱ्यांचा ग्रंथ लिहिला, तो ग्रीक टॉलेमीच्या यादीवर आधारलेला. मात्र नुसती नक्कल करणाऱ्यांवर तो नाराज होता. त्यानं स्वतः आकाश पाहिलं, ताऱ्यांच्या प्रती तपासल्या, जिथे फरक दिसला तिथे तसं लिहिलं. प्रत्येक तारकासमूहाची दोन चित्रं काढली, एक आकाशात दिसतो तसं, दुसरं खगोलगोलावर दिसेल तसं. हजार वर्षांनी सॅमसनही तेच म्हणाला, ठिपके नकोत, तारे दाखवा. या वारशात ग्रीक, अरब, इराणी, लॅटिन लिहिणारे, सगळेच आहेत. त्यात आपलं घर शोधायला कुणाचं घर पाडावं लागत नाही.

हे सगळं मी त्या रात्री एवढ्या नीट सांगितलं नव्हतं. फक्त पूर्वेला बोट दाखवलं. रोहिणी बरीच वर आली होती, तिच्याखाली मृग. इथून जवळ वांगणीला मुंबईचे लोक खास तारे बघायला येतात, आणि आम्ही गच्चीवर मोबाइल बघत होतो.

भाचा इंग्रजी माध्यमात शिकतो, उर्दू अक्षरं अडखळत वाचतो. लाइट आली तेव्हा मला वाटलं, आता पळणार खाली. तो कठड्यावरच्या धुळीत बोटानं काहीतरी काढत होता.

"मामू, तो 'बे' आणि 'ये' परत दाखवा ना. नुक्ते कुठे द्यायचे?"