पांजरपोळाचें एकच दार

पंढरपुराच्या उत्तरेस, टेंभुर्णीच्या वाटेवर करकंब हें गांव आहे. अशा गांवांत कुत्रें मुद्दाम पाळावें लागत नसे. तें कोणा एकाचें नव्हे, आळीचें असे. या घरची शिळी भाकरी आणि त्या घरचें ताक यांवर त्याचें पोट भरे, आणि रात्रीं त्या साऱ्याच उंबरठ्यांची राखण तें करी. मांजराचा हिशेब त्याहूनहि सोपा. जेथें धान्याची कणगी तेथें उंदीर, आणि जेथें उंदीर तेथें मांजर आपल्या पायांनीं येई.

पंढरीच्या नामदेवांची कथा घरोघर ठाऊक आहे. कुत्र्यानें भाकरी पळविली, आणि ती कोरडी कशी खाणार म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवले. या कथेंत एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. नामदेवांनीं त्या कुत्र्याला तूप दिलें. त्याला घरीं आणून बांधलें नाहीं. काकबळी, गोग्रास, कुत्र्याचा घास हे सारे आचार दयेचेच. पण ती दया उंबरठ्याशीं येऊन थांबे, आणि उंबरठ्याबाहेरचें जग मोकळें होतें तोंपर्यंत तेवढी पुरतहि असे.

शहर वाढलें आणि हें जुनें नातें तुटलें. मुंबईंत तें कसें तुटलें याची तारीखहि सांगतां येते. मोकाट कुत्रीं उन्हाळ्यांत मारावीं असा कंपनी सरकारचा नियम १८१३ पासून होता. १८३२ सालीं मारण्याची मुदत वाढविण्यांत आली. दर कुत्र्यामागें आठ आणे मिळत, तेव्हां शिपायांनीं मोकाट कोणतें आणि घरचें कोणतें याची फारशी चिकित्सा केली नाहीं. पारशी समाजांत कुत्र्याला धार्मिक स्थान आहे; मृताच्या अंत्यविधींत कुत्र्याची दृष्टि प्रेतावर पडणें त्यांच्याकडे आवश्यक मानलें जाई. ६ जून १८३२ रोजीं पारशी जमावानें कुत्रीं मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशीं बाजार बंद पडला, कुलाब्याच्या लष्करी छावणीची रसद अडली, आणि अखेर सैन्य बाहेर काढावें लागलें. आठ आण्यांच्या बक्षिसानें राजधानीचा व्यवहार ठप्प केला!

या दंग्यानंतर दोन वर्षांनीं, १८३४ च्या ऑक्टोबरांत, जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकारानें मुंबईचा पांजरपोळ निघाला. एक पारशी, एक जैन. धर्म निराळे, पण हेतु एकच. व्यापाऱ्यांनीं आपल्या मालावर आपण होऊन लाग बसविली आणि तिच्यावर ही संस्था चालली. भुलेश्वराजवळच्या त्या जागेंत पुढें गाईगुरांचाच भरणा झाला. पण मुळांत ती ज्यांचा जीव वांचविण्यासाठीं निघाली त्यांत कुत्रींच अग्रभागीं होतीं, हें आज किती मुंबईकरांना माहीत असेल?

पांजरपोळाला दार मात्र एकच होतें, आंत येण्याचें. आलेला जीव मरेपर्यंत तेथेंच राहावयाचा. त्याला मारणें पाप, आणि त्याला कोणाच्या घरीं द्यावें ही कल्पनाच नव्हती. विलायतेंत नेमकें उलट झालें. १८६० सालीं मेरी टील्बी या बाईनें लंडनच्या हॉलोवे भागांत हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठीं आश्रम काढला; वृत्तपत्रांनीं तिची थट्टा केली. १८७१ मध्यें तो बॅटरसी येथें गेला, १८८३ पासून मांजरेंहि घेऊं लागला. तेथून जनावर नव्या घरीं जाऊं शके. पण ज्याला घर मिळालें नाहीं त्याला बहुधा मरण मिळे. एकीकडे जीव राखला, घर दिलें नाहीं. दुसरीकडे घर दिलें, जीव राखलाच असें नाहीं. दोहोंपैकीं श्रेष्ठ कोण, हा वाद घालण्यांत अर्थ नाहीं. दोन्ही अर्धेंच काम करीत होते.

उरलेलें अर्धें काम पुष्कळसें वैद्यकानें शक्य केलें. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाचें भय खरें होतें. त्या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं माणूस जवळजवळ कधींच वांचत नाहीं. १८८५ मध्यें पाश्चरनें माणसाला लस टोंचली, १९०० मध्यें कसौलीस पाश्चर संस्था उघडली. मुंबईंत प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी मंडळी १८७४ सालीं स्थापन झाली होती. दिनशा पेटिट यांच्या देणगींतून परळ येथें बाई साकरबाईंच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय उभें राहिलें, आणि १८८६ मध्यें तेथेंच पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. जनावरालाच लस टोंचतां येऊं लागल्यावर रस्त्यावरचें पिल्लूं घरांत घेण्याची भीति पुष्कळ कमी झाली.

तरीहि मुंबई महापालिकेनें कुत्रीं मारण्याची पद्धत सोडली ती १९९० नंतरच्या दशकांत. १९८५ मध्यें स्थापन झालेल्या ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ सारख्या संस्था निर्बीजीकरण आणि लसीकरण यांबरोबरच रस्त्यावरच्या पिल्लांना घरें शोधून देऊं लागल्या. अशा ठिकाणीं आतां पिल्लूं मागणाऱ्यालाच प्रश्न विचारतात. घरांतील सर्वांची संमति आहे काय? दिवसभर कोणी असतें काय? गांवाला गेल्यावर सांभाळणार कोण? स्थळ पाहावयास येणाऱ्यांनाहि इतकी चौकशी सुचत नसेल! पण ती रास्तच आहे. दोन महिन्यांच्या आंत पिल्लूं आईपासून तोडूं नये. पुढें लसी वेळेवर द्याव्या लागतात. आणि कुत्र्याचें आयुष्य बारा-पंधरा वर्षांचें असतें. ज्याला हौस दोन महिन्यांचीच आहे, त्यानें तें नेऊं नये.

२०२३ च्या नव्या नियमांनीं निर्बीजीकरणाची जबाबदारी महापालिकांप्रमाणें पंचायतींवरहि टाकली. तेव्हां करकंबाच्या आळींतलें कुत्रेंहि आतां सरकारी दप्तरांत आलें आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयीं दिलेल्या आदेशांत आणखी एक वाट दाखविली. इच्छुक माणसानें पालिकेकडे अर्ज करावा. निवडलेल्या कुत्र्याला खूण लावून तें त्याला दत्तक द्यावें. आणि तें पुन्हां रस्त्यावर येणार नाहीं ही जबाबदारी त्या माणसानें घ्यावी. १८३४ च्या पांजरपोळाला जें दुसरें दार नव्हतें, तें असें अर्जाच्या कागदावर उघडलें आहे. त्यांतून बाहेर पडणाऱ्या पिल्लाला पलीकडे कोणाचा तरी उंबरठा मात्र लागतो.