राळेगणचा खांब आणि माळकऱ्याची माळ

नगर जिल्ह्यातल्या दारूबंदीचा विषय निघाला की लोकांना पहिल्यांदा राळेगणसिद्धीचा खांब आठवतो. १९७५ साली लष्करातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी तरुणांना हाताशी धरून गावातल्या यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, हातभट्ट्या बंद करवल्या आणि तरीही पिऊन येणाऱ्यांना खांबाला बांधून चोप दिला. त्यामुळे आज कुणी मोबाइलवरच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये, कधी न भेटलेल्या माणसांशी बोलून दारू सोडायचं म्हटलं, की पहिला प्रश्न येतो : धाक नसेल तर दारू सुटते होय? मला वाटतं, हा प्रश्नच इतिहासाच्या अर्धवट आठवणीतून आलेला आहे. या जिल्ह्यात दारू सोडण्याची जी सर्वांत मुरलेली रीत आहे, तिच्यात धाक दुय्यम होता आणि सोबत मुख्य. ऑनलाइन मीटिंग या रीतीच्या फार जवळची आहे.

ती रीत म्हणजे माळ. ज्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते याच जिल्ह्यातलं. वारकरी पंथाची मुळं इथं खोल आहेत. तुळशीची माळ घातली की मद्य-मांस वर्ज्य, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण माळ एकदाच घालायची असते, सांभाळायची मात्र रोज. त्यासाठी पंथाने वेळापत्रकच आखून दिलं आहे : संध्याकाळी हरिपाठ, पंधरवड्याला एकादशी, वर्षाला वारी आणि गावोगावचे हरिनाम सप्ताह, ज्यांची मोठी परंपरा गोदावरीतल्या सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांनी उभी केली. दारूची तल्लफ ज्या घटकेला येते, त्याच घटकेला हातात टाळ येतो आणि शेजारी चार माळकरी असतात. शिवाय माळकऱ्याला कुणी पिण्याचा आग्रह करत नाही; नकार देण्याचे कष्ट गळ्यातली माळच वाचवते. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची (एएची) घडण यापेक्षा फार निराळी नाही : ठरलेली वेळ, सारखी गाठभेट, आपल्यासारख्यांची संगत. फरक आहे तो एवढाच की माळ जन्माची असते आणि एए फक्त आजच्या दिवसापुरतं बोलतं. (पिणाऱ्या माणसाला दुसरा हिशेब जास्त झेपतो, असं मला वाटतं.) २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सभागृहांना कुलपं लागली, तेव्हा एएच्या मीटिंगा जगभर व्हिडिओ कॉलवर गेल्या आणि पुढेही बऱ्याचशा तिथेच राहिल्या.

पण राळेगण सुधारलं ते खांबामुळेच ना, असा आक्षेप येईल. घटनांचा क्रम पाहिला तर तसं दिसत नाही. बहुतेक भट्ट्या मंदिरातल्या बैठकीनंतर मालकांनी स्वतःहून बंद केल्या. देवासमोरचा शब्द मोडणं त्यांना जड गेलं. खांब आला तो उरलेल्यांसाठी. पुढे नालाबांध आणि पाझर तलावांमुळे विहिरींना पाणी आलं, हाताला काम लागलं आणि सुटलेली दारू सुटलेली राहिली. नुसत्या बंदोबस्ताची मर्यादा पाहायची असेल तर फार लांब जावं लागत नाही : फेब्रुवारी २०१७ मध्ये, निवडणुकीच्या धामधुमीत, नगर तालुक्यातल्या पांगरमलला विषारी दारूने माणसं दगावली. शिवाय याच जिल्ह्यात उसाच्या मळीपासून मद्यार्क होतो, श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरची ब्रँडी देशभर जाते. इथे दारूचा तुटवडा कधी पडेल, ही आशा व्यर्थ आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पडद्यावरच्या माणसाला तुमच्या तोंडाचा वास येत नाही. कॅमेरा बंद केला की संपलं. हे खरं आहे. शिवाय रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबवलं तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो; तिथे मीटिंग नव्हे, डॉक्टर लागतो. १९८६ साली पुण्यात डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्राची जागा मोबाइल घेणार नाही. पण केंद्रातून माणूस शेवटी घरी येतो. तो घसरतो तो तिथे, जुन्या पारावर, जुन्या दोस्तांत. आणि ज्या गावात कोण कुणाच्या घरी गेलं हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं, तिथे नाव झाकून बोलता येईल अशी जागा पूर्वी नव्हतीच. बाईसाठी तर नाहीच नाही. तिच्या तंबाखूच्या मिश्रीकडे कुणी बघत नाही, दारूकडे मात्र सगळं गाव बघतं. अर्थात घरात फोन एकच आणि तो नवऱ्याच्या खिशात असेल, तर हा मार्गही तिला बंदच.

गावाची दारूबंदी वेशीपाशी संपते, हेही ध्यानात घ्यायला हवं. पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्यापर्यंत कारखान्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांत, राहतात. तिथे ना ग्रामसभा, ना गावचं मंदिर. थकलेल्या अंगाला दारू मात्र हाकेच्या अंतरावर. राळेगणचा खांब तिकडे नेता येत नाही. गळ्यातली माळ नेता येते, आणि खिशातला फोनही. कोपीपर्यंत रेंज पोचत असेल तर रात्रीची मीटिंग तिथूनही गाठता येते.